तित्तिराची पाठ

फार पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरात वज्रबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका जिनगराच्या घरी जन्माला आला होता. जिनगर म्हणजे घोड्याची खोगिरं शिवणारा. बोधिसत्त्व राजाच्या पोटी येतो, शेठजीच्या घरी येतो, गेला बाजार हरणांच्या कळपात तरी येतो, असंच तुम्ही ऐकलेलं असणार. त्या खेपेला तो चामडं, सुतळी आणि वाखाच्या ढिगात जन्मला. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही, तेव्हा तुम्हीही वाटून घेऊ नका.

वज्रबाहू हे नाव मोठं, पण राजा अंगानं किडकिडीत होता. बाहू वज्राचे असतीलही, बसायच्या जागी मांस मात्र बेताचंच.

या राजघराण्यात एक चाल होती. पाच पिढ्यांमागं महावज्र नावाच्या मूळपुरुषानं हे राज्य मिळवलं. राज्याभिषेकाच्या दिवशी तेव्हाच्या पुरोहितानं त्याला ओल्या मातीच्या मोठ्या गोळ्यावर बसवलं. मातीत त्याच्या बैठकीचा ठसा उमटला. तो ठसा भट्टीत भाजला आणि देवळात नेऊन ठेवला. त्याला म्हणायचं आसनमुद्रा. रोज सकाळी त्या ठशाला फुलं वाहायची, वर पाण्याची धार धरायची, आणि ते पाणी तीर्थ म्हणून दरबारानं प्यायचं. तुम्हाला हसू येतंय. पोतलीत कोणी हसत नसे. तिथं शिकलेली माणसं फार होती.

राजाचं प्रत्येक खोगीर त्या ठशावर बेतायचं, असा दंडक होता. मूळपुरुषाच्या ठशात जो नीट बसतो तोच त्याचा खरा वारस. ज्याला ठसा टोचतो तो राजा कसला? त्यामुळं खोगीर टोचतं अशी तक्रार पाच पिढ्यांत एकाही राजानं केली नव्हती. सगळे कण्हत उतरायचे आणि म्हणायचे, वा, काय मऊ!

घोड्याच्या बाबतीतही एक दंडक होता, आणि तो ऐकायला बरा नाही. राजाच्या घोड्याची पाठ म्हणजे दुसरं सिंहासन. सिंहासन उघडं पाहणं अशुभ. म्हणून त्या घोड्यावर कायम एक तर खोगीर असे, नाही तर झूल. त्याची उघडी पाठ जो पाहील त्याचे डोळे काढायचे. मोतद्दारानं, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्यानं, खोगीर उतरवायचं ते कनातीच्या आड, डोळ्यांवर पट्टी बांधून. खरारा करायचा तोही पट्टी बांधून. आणि त्या घोड्यानं राजाला तीनदा पाडलं, तर त्याच्या अंगात यक्ष शिरला असं समजून घोड्याचं मुंडकं उडवायचं, मोतद्दाराला सुळावर द्यायचं. यक्षाला कोणी काही विचारत नसे.

त्या वेळी राजाचा घोडा होता तित्तिर. कंबोज देशातून आलेला, पायांनी हलका, स्वभावानं गरीब. त्यानं एका महिन्यात राजाला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा पाडलं ते अवंतीचे दूत समोर उभे असताना, आणि पाडलं ते चिखलात. आठ दिवसांवर कार्तिकी पौर्णिमेचा उत्सव आला होता. त्या दिवशी राजानं घोड्यावर बसून नगराला फेरी घालायची असते. राजा तिसऱ्यांदा पडला असता तर तित्तिर गेला असता आणि त्याचा मोतद्दार रोहकही गेला असता. रोहक पन्नाशीचा होता, आणि सुळासाठी लाकूड तासायला घेतल्याचं त्याला सुतारानंच येऊन सांगितलं होतं. सुतार त्याचा साडू.

राजानं बोधिसत्त्वाला एकांतात बोलावलं. खोगीर टोचतं म्हणावं तर राज्य जातं, न म्हणावं तर बसवत नाही. राजानं खिडकी आपल्या हातानं लावून घेतली.

मग म्हणाला, "जिनगरा, खोगीर मुळीच टोचत नाही. पण समज, टोचत असतं. तर तू काय केलं असतंस?"

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, समजा टोचत असतं, तर कुठं टोचलं असतं?"

राजानं दाराकडं पाहिलं आणि आपल्या उजव्या खुब्यावर हळूच बोट ठेवलं.

पौर्णिमेपर्यंत जास्त आरामाचं खोगीर करून दे, ठशाला धक्का लावू नकोस, तुला नदीकाठचं एक गाव इनाम देतो, असं राजानं सांगितलं. बोधिसत्त्वानं विचार करतो म्हणून निरोप घेतला. बातमी दाराबाहेर त्याच्या आधी पोचली होती. राजवाड्यातली भिंत ही गोष्ट सगळीकडं सारखीच.

मग दरबारातला प्रत्येकजण जिनगर झाला. सेनापती म्हणाला, सावरीचा कापूस भरा. वैद्य म्हणाला, हंसाची पिसं भरा, वरून लोण्याचा हात द्या. अमात्यांनी तर कणकेची गादी सुचवली. त्यांना प्रत्येक गोष्टीत जेवण दिसे. पुरोहित पिंगल सगळ्यांत शहाणा. त्यानं बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन मार्ग सांगितला. ठसा तसाच ठेव, खोगीर जसं शिवतोस तसंच शिव, फक्त वरून उजव्या अंगाला चार बोटं जाड भर घाल. राजा एक दिवस सुखानं बसेल, फेरी पार पडेल, तुला गाव मिळेल.

बोधिसत्त्वानं विचारलं, "आणि खाली?"

पिंगल म्हणाला, "खाली घोडा आहे. तो कशाला बोलतोय?"

बोधिसत्त्व तिथून निघाला तो पागेत गेला. आजवर तो पागेच्या दारापर्यंतच येई. खोगीर द्यायचं, जुनं न्यायचं, जुन्याचं चामडं खालून काळं झालेलं असायचं, ते घामानं झालं असेल असं समजायचं. वीस वर्षं त्यानं हेच समजून काढली. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झालं, माणसाला जे रोज दिसतं तेच शेवटी दिसतं.

रोहक तित्तिराला दाण्याची चंदी घालत होता. बोधिसत्त्वानं घोड्याची पाठ कशी आहे असं विचारलं. रोहक म्हणाला, मी कधी पाहिली नाही, अकरा वर्षं झाली. मग थोड्या वेळानं म्हणाला, डोळ्यांना माहीत नाही, बोटांना माहीत आहे. बघायला मनाई आहे, हात लावायला नाही; दंडक करणाऱ्याला घोड्याला हात लावायची सवय नसेल, म्हणून ते लिहायचं राहिलं असेल.

दोघं कनातीच्या आड गेले. रोहकानं आपल्या डोळ्यांना पट्टी बांधली, बोधिसत्त्वाच्याही बांधली. मग झूल उचलून त्यानं बोधिसत्त्वाचा हात धरला आणि तित्तिराच्या पाठीवर उजव्या अंगाला नेऊन ठेवला.

बोधिसत्त्वानं हात झटकन मागं घेतला. विस्तवावर पडावा तसा घेतला. तिथं कातडं नव्हतं. ओलं, गरम, सुजलेलं मांस होतं, आणि हात लागताच घोडा आखडून थरथरला, पण फुरफुरला नाही.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा, अगदी हलकेच, हात पुढं केला. जखमेच्या मधोमध त्याच्या बोटांना तीन खड्डे लागले. शेजारी शेजारी, तिकोनात.

इथं आलो की माझीसुद्धा जीभ टाळूला चिकटते, आणि माझी जीभ सहसा कशाला चिकटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. खोगिराच्या तळाशी शिवण संपते तिथं बोधिसत्त्व तिहेरी गाठ मारत असे. सबंध देशात ती गाठ त्याच्याशिवाय कोणाला येत नव्हती. ती कधी सुटत नसे. लोक त्या गाठीची तारीफ करत. आणि ती तळाशी का मारायची, तर तिथं ती कोणाला दिसत नाही म्हणून.

रोहकानं पट्टीआडूनच विचारलं, "गाठ तुझीच ना, जिनगरदादा?"

बोधिसत्त्व म्हणाला, "माझीच."

"माझ्या बापालाही ती ठाऊक होती. त्याच्या शेवटच्या घोड्याच्या पाठीवर होती."

रोहकाचा बाप वीस वर्षांपूर्वी सुळावर गेला होता. त्या घोड्याचं खोगीर हे बोधिसत्त्वानं आपल्या हातानं शिवलेलं पहिलं राजखोगीर. ते शिवून झालं तेव्हा त्याच्या घरी गोड केलं होतं.

बोधिसत्त्व पागेतल्या गवतावर खाली बसला. पट्टी सोडायची त्याला आठवण राहिली नाही. त्यानं रोहकाला विचारलं, तू हे आजवर बोलला का नाहीस? रोहक म्हणाला, कोणाला बोलू? ज्याला सांगावं त्याला दाखवावं लागतं, आणि दाखवलं की त्याचे डोळे जातात. हे उत्तर ऐकून बोधिसत्त्वाला कळलं की दंडक लिहिणारा मूर्ख नव्हता, किंवा फारच मूर्ख होता. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

पिंगलाचा मार्ग अजून मोकळाच होता. वरून चार बोटं भर, राजा खूश, नदीकाठचं गाव, आंब्याची झाडं. पण वर जेवढी भर जाईल तेवढा खाली दाब वाढणार, हे कुठलाही जिनगर जाणतो. पौर्णिमेला नाही तर पुढच्या अमावास्येला तित्तिर राजाला पाडणारच. बोधिसत्त्वानं गाव मनातून काढून टाकलं. काढायला त्याला फारसा वेळ लागला नाही. तुम्हाआम्हाला लागला असता.

त्यानं कुंभाराकडून मऊ माती आणली. निंबाचं पाणी घालून ती लोण्यासारखी मळली, दोन ओल्या फडक्यांत सारखी थापली, सगळीकडं चार बोटं जाड. ही माती खोगिराखाली घालायची आणि राजानं त्यावर बसून एक फेरी मारायची, असा त्याचा बेत. पाठ कोणी पाहायची नाही ना, मग मातीला पाहू द्या. मातीला डोळेच नाहीत, काढणार काय?

फक्त एक अडचण होती. त्या फेरीत राजा पडला तर ती तिसरी वेळ.

बोधिसत्त्वानं हे रोहकाला उघड सांगितलं, आणि तू नको म्हणालास तर मी करणार नाही, असंही सांगितलं. रोहकानं तित्तिराच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, सुळाला तेल लावून ठेवलंय असं साडू सांगत होता. लाकूड फुकट जाऊ दे म्हणून नाही, पण करून बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाला सांगितलं की ही नव्या खोगिराची परीक्षा आहे. खोटं नव्हतं. कनातीच्या आड रोहकानं पट्टी बांधून माती घातली, वर जुनं खोगीर ठेवलं, पोटाखालून तंग आवळला. दरबार मैदानाच्या कडेला उभा राहिला. राजा चढला. तित्तिर चालू लागला. माती थंड होती, म्हणून त्याला जरा बरं वाटलं असावं; त्यानं पहिली बाजू मान खाली घालून शांतपणे पार केली. दुसऱ्या वळणावर राजा उजवीकडं कलला, तसा घोडा मध्येच थांबला आणि त्याचं मागचं अंग खचलं. राजानं आयाळ धरली. रोहक कनातीजवळ उभा होता, त्यानं दोन्ही हात कानांवर ठेवले. डोळे मिटायची त्याला सवय होती, कानांचं त्याला काय करावं कळेना.

राजा पडला नाही. तित्तिर उभा राहिला, हळूहळू सरळ झाला आणि उरलेली फेरी चालत आला.

बोधिसत्त्वानं फडक्यातली माती तशीच परातीत घेतली आणि दरबारात सगळ्यांसमोर ठेवली. वरचं फडकं काढलं. डाव्या अंगाला माती अजून तीन बोटं होती. उजव्या अंगाला ती पापडाएवढी राहिली होती, आणि जिथं गाठ येत होती तिथं पूर्ण फाटून खालचं फडकं दिसत होतं. ते फडकं लाल होतं.

अमात्यांनी तोंडातला विडा हातात काढून घेतला. राजानं वाकून पाहिलं आणि हे कोणाचं रक्त आहे, असं विचारलं. खरंच विचारलं. आपलं तर नाही ना म्हणून त्यानं मागं हातही लावून पाहिला.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, आपण ज्यावर बसता त्याचं."

पिंगल पुढं झाला. माती खोटी आहे म्हणाला, घोडा जन्माचा वाकडा आहे म्हणाला, यक्ष असाच वाकडा चालतो हे शास्त्रात आहे म्हणाला. ठसा वाकडा असणं शक्य नाही, कारण तो ठसा आहे. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

बोधिसत्त्वानं हात जोडले आणि साध्या आवाजात विचारलं, "आचार्य, आसनमुद्रेला तीर्थासाठी चांदीची पन्हळ लावलीय. ती उजव्या बाजूलाच का लावली?"

पिंगल अभिमानानं म्हणाला, "मुद्रेची कृपा उजवीकडं वाहते. पाच पिढ्या रोज धार धरतो, पाणी उजवीकडंच ओघळतं. म्हणून माझ्या आज्यानं तिथं पन्हळ..."

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला आपल्याच कानांनी ऐकू आलं. दरबारात शंभर माणसं होती आणि त्यांतला प्रत्येकजण रोज सकाळी ते पाणी पीत होता. शंभर माणसांनी एकदम आवंढा गिळला, त्याचा आवाज झाला म्हणतात.

मग पडद्यामागून हसू आलं. राजमाता सुभागा सत्तरीच्या पुढच्या. त्या दरबारात पडद्याआड बसत आणि बहुतेक झोपलेल्या असत. त्या हसत हसत पडदा सारून बाहेरच आल्या. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून राजाचा चेहरा मघाच्या मातीसारखा झाला. महावज्राला राज्याभिषेकाच्या दिवशी डाव्या बाजूला मोठं गळू झालं होतं. बसवत नव्हतं, पण मुहूर्त टळत होता. म्हणून तो उजव्या अंगावर कलून बसला. त्यांच्या सासूबाईंना हे त्यांच्या सासूबाईंनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या.

राजमाता म्हणाल्या, "बाळ, या घरात सून आली की तिला पहिल्यांदा शिकवतात ते शेकायची पुरचुंडी बांधायला. ओवा, हळद, मीठ. तुझ्या वडलांचा उजवा खुबा मी चाळीस वर्षं शेकला. तुझी राणी तुझा शेकते. तुझ्या अंगावर मांस कमी, म्हणून तिला कापूस जास्त लागतो."

राणीनं पडद्याआड तोंड लपवलं. राजानं विचारलं, मग हे कोणी सांगितलं का नाही? राजमाता म्हणाल्या, कोणी विचारलं का?

जातकात एक तरी गाथा लागते, नाही तर जाणती माणसं नाराज होतात. त्या वेळी बोधिसत्त्वानं ही गाथा म्हटली:

वरी मऊ, तळी खुपे, ऐसे आसन ज्याचे,
खालचा जो मुका साहे, ठावे ना दुःख त्याचे,
तो राजा बसला कोठे? हेच त्या ठाव नाही.
ओली माती जे बोले, तेवढे तरी पाही.

गाथा संपल्यावर राजानं रोहकाला बोलावलं. आजवर असे घोडे किती गेले, असं विचारलं. रोहकानं खाली पाहून उत्तर दिलं. पाच पिढ्यांत एकेचाळीस घोडे, त्यांतल्या नऊंचं मुंडकं उडवलं, बाकीचे पाठ सडून मेले; आणि त्या नऊंबरोबर नऊ मोतद्दार. पागेतल्या माणसांना ही यादी तोंडपाठ असते. नववा त्याचा बाप. बोधिसत्त्व त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, त्यांतल्या सहा घोड्यांवरची खोगिरं माझ्या हातची आहेत, तेव्हा शिक्षा द्यायची तर माझ्यापासून सुरुवात करावी. आणि बक्षीस द्यायचं तर गाव नको, महाराजांनी एकदा झूल उचलून स्वतःच्या डोळ्यांनी घोड्याची पाठ पाहावी, एवढंच द्यावं.

पिंगलानं दोन्ही हात वर केले. उघडी पाठ पाहिली तर दंडक मोडतो, ठसा सोडला तर वारसा मोडतो. ठशात न बसणारा राजा राजाच नव्हे.

राजा म्हणाला, "मग पाच पिढ्या या देशाला राजाच नव्हता, आचार्य. देश चाललाय. चालेल."

एवढं शहाणपणाचं वाक्य त्या राजाच्या तोंडून त्याआधी कधी निघालं नव्हतं, नंतरही अशी वाक्यं फारशी निघाली नाहीत. पण एक निघालं, तेवढं पुरे.

सगळे पागेपुढच्या अंगणात आले. भर उन्हात. कनात नव्हती. रोहकानं सवयीनं पट्टी बांधली होती. राजानं झूल उचलली, पाहिलं, आणि आहे तिथं मातीत बसला. त्याच्यामागून सेनापतीनं पाहिलं, वैद्यानं पाहिलं. वैद्य बाजूला जाऊन ओकला. लढाईत माणसं तुटलेली पाहिलेला सेनापती झुलीचं टोक हातात धरून नुसता उभा राहिला. जरीची झूल होती ती, वर मोत्यांची कमळं, आणि आतून तिचं अस्तर कडक झालं होतं.

राजानं रोहकाला पट्टी काढायला सांगितलं.

रोहकानं पट्टी काढली. डोळे मात्र उघडेनात. अकरा वर्षांची सवय होती आणि बापाची भीती होती. बोधिसत्त्वानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यानं हळूहळू डोळे उघडले. जखमेकडं तो गेला नाही, ती त्याला पाठ होती. तो जखमेच्या भोवती, जिथं कातडं शाबूत होतं तिथं पाहत राहिला. तिथं बदामी रंगावर पांढरे ठिपके होते, रानातल्या तित्तिर पाखराच्या पिसांसारखे. घोडा विकणाऱ्यानं ते पाहूनच त्याचं नाव ठेवलं होतं.

रोहक म्हणाला, "असा रंग आहे होय तुझा."

दरबारातली शिकलेली माणसंसुद्धा त्या वेळी खाली पाहू लागली.

उत्सवाला राजा पायी चालला. नगरानं आधी डोळे विस्फारले, मग बायका म्हणाल्या, जवळून बरा दिसतो. तित्तिर बरोबर चालला, पाठ उघडी, वर निंबाचा लेप. दंडक मोडला म्हणून काही कोसळलं नाही. पिंगल आकाशाकडं पाहत होता, पण वरूनही काही आलं नाही. त्याला राजानं शिक्षा केली नाही. बोधिसत्त्वानंच करू दिली नाही. म्हणाला, याच्या आज्यानं पन्हळ लावली आणि मी गाठ मारली, दोघांत थोर कोण ते ठरवत बसलो तर घोडा तसाच राहील.

जखम भरायला चार महिने लागले. मग बोधिसत्त्वानं नवं खोगीर केलं. आधी घोड्याच्या पाठीचा ठसा घेतला, मग राजाच्या बैठकीचा. लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या, कण्याच्या दोन्ही बाजूंनी फासळ्यांवर टेकतील अशा, आणि मध्ये कण्याच्या वर वारा जाईल एवढी फट ठेवली. आत मऊ लोकर भरली. शिवणीची गाठ तळातून काढून वर आणली, बसणाऱ्याच्या बाजूला, म्हणजे टोचली तर ओरडणाऱ्याला टोचेल. राजा त्यावर बसला, नदीपर्यंत जाऊन आला आणि उतरल्यावर म्हणाला, वा, काय मऊ. सवयीनं म्हणाला. मग आपण खरं बोललो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो चकित होऊन उभाच राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात सांगितली. त्याला कारण घडलं होतं. तिथं सेरिक नावाचे एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, राहत. ते कधी पाठीवर निजत नसत, पालथे निजत. कोणी मागून येऊन खांद्यावर पांघरूण घातलं तर दचकून उभे राहत. तरुण भिक्खूंना याची गंमत वाटे. त्यांतला सुदंत नावाचा एक, तो तर मुद्दाम मागून जाऊन त्यांच्या अंगावर आपलं चीवर, भिक्खूचं वस्त्र, टाकी आणि बाकीचे हसत. हे शास्त्यांच्या कानी गेलं होतं.

कथा संपवून शास्ता म्हणाले, तेव्हाचा वज्रबाहू राजा म्हणजे आज विहाराला पाणी पुरवणारा उपासक वासभ. राजमाता सुभागा म्हणजे भिक्खुणी धीरा, ती अजूनही मोठ्यानं हसते. रोहक म्हणजे आजाऱ्यांची सेवा करणारा भिक्खू उत्तिक. पिंगल पुरोहित म्हणजे सुदंत. तित्तिर घोडा म्हणजे सेरिक थेर. आणि तो जिनगर मीच होतो.

सुदंताच्या हातात घडी केलेलं चीवर होतं, ते त्याला ठेवावं कुठं ते कळेना. जे हसत होते त्यांना आपण आजवर कशाला हसलो ते दिसलं, आणि दिसल्यावर ते कुठं पाहावं तेही कळेना.

सेरिक थेर मात्र शांत होते. त्यांनी हात जोडून विचारलं, "भंते, मला यातलं काहीच आठवत नाही. ते नवं खोगीर मला बरं झालं होतं का?"

शास्ता म्हणाले, "तू तक्रार केली नाहीस. पण तू जुन्याचीही केली नव्हतीस. म्हणून तू जगलास तोवर मी दर महिन्याला येऊन पाहत राहिलो."

यात जी पारमिता, म्हणजे बुद्धपदासाठी साधायचा जो गुण, पुरी झाली तिचं नाव शास्त्यांनी प्रज्ञा असं सांगितलं. करुणा का नव्हे, असं एका भिक्खूनं विचारलं. शास्ता म्हणाले, करुणा रोहकाजवळ माझ्याआधी अकरा वर्षं होती. तिला फक्त पाहू देत नव्हते.